क्रथन आणि श्वासयंत्र

मोठ्याने घोरणारा रुग्ण सकाळी शिणलेला उठतो, दिवसा बसल्या जागी पेंगतो. त्यास निद्रानाश समजून सर्पगंधादी द्रव्ये योजण्याचा मोह आम्हां वैद्यांस होतो, तो टाळावा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, १५ व्या अध्यायात, स्थौल्याच्या लक्षणांत ‘क्रथन’ आले आहे. टीकाकार त्याचा अर्थ अकस्मात श्वासावरोध असा करतात. झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन मार्ग मिटतो, श्वास १० सेकंद वा अधिक थांबतो, रक्तातील ऑक्सिजन (पंचवायूंतील प्राण नव्हे) घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. तासाला असे ३० हून अधिक अवरोध आढळल्यास व्याधी तीव्र मानतात. मद्य व झोपेच्या गोळ्यांनी स्नायू अधिकच सैल पडतात. आमच्या निद्राजनक द्रव्यांबाबतही तीच सावधगिरी हवी.

‘सीपॅप’ यंत्र ऑक्सिजन देत नाही. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेली युक्ती साधी आहे: मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन मार्ग उघडा ठेवणे. मेद झडविणे हे आमचे काम. वजन उतरले तरी पुन्हा निद्रापरीक्षण झाल्यावाचून यंत्र सोडवू नये. अमरावती-अकोला महामार्गावर रात्री ट्रक हाकणाऱ्यास घोरण्याविषयी अवश्य विचारावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात वीज गेली की यंत्रही थांबते, म्हणून इन्व्हर्टरची सोय प्रथमच सुचवावी.