टॅपेट कव्हरमधून ऑइलची गळती : आधी निदान, मगच पाना

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर फार मोठ्या संख्येने आहेत. शहरातील मोठ्या गॅरेजपासून तालुक्याच्या स्टँडजवळील पत्र्याच्या शेडपर्यंत त्यांचा हात चालतो. हाताला कसब आहे, मेहनतीची तयारी आहे. पण पुष्कळदा घाईमुळे काम परत येते आणि नाव खराब होते. असे वारंवार परत येणारे एक काम म्हणजे इंजिनच्या टॅपेट कव्हरमधून होणारी ऑइलची गळती. काम लहान दिसते, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. या लेखात आम्ही त्याचीच माहिती देत आहोत.

गळती का होते?

इंजिनच्या डोक्यावरचे हे झाकण रॉकर, व्हॉल्व आणि कॅमशाफ्टवर उडणारे ऑइल आत राखण्याचे काम करते. येथे ऑइल पंपाच्या दाबाने झाकणावर येत नाही, ते केवळ उडते आणि हेडमधील भोकांतून खाली चेंबरमध्ये परत जाते. त्यामुळे झाकण सपाट आणि पॅकिंग चांगले असेल तर गळती होण्याचे कारण नाही.

कारणे साधारणतः चार असतात. पहिले, उष्णतेने रबरी पॅकिंग कडक होते किंवा कॉर्कचे पॅकिंग सुकून आखडते. दुसरे, बोल्ट जास्त आवळल्याने पत्र्याचे कव्हर भोकांजवळ दबते, अॅल्युमिनियमच्या कव्हरचा कान तडकतो किंवा हेडमधील आटे जातात. तिसरे, ब्रीदर पाईप अथवा पीसीव्ही व्हॉल्व तुंबतो. मग पिस्टनच्या बाजूने खाली येणारा गॅस कोंडून राहतो आणि पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो. चौथे, मागच्या कारागिराने जुने सिलिकॉन न खरवडता त्यावरच नवे पॅकिंग बसवलेले असते.

यातील पहिल्या कारणावरच नवे पॅकिंग हा उपाय आहे. बाकीच्या तिन्हींवर नुसते पॅकिंग बदलले तर गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा दारात उभी राहते.

निदान कसे करावे?

ऑइल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जाते. म्हणून कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातील गळती गिअर बॉक्सच्या तोंडाशी थेंब होऊन पडते आणि क्रँकचे मागचे सील गेले असे वाटते. एका गॅरेजमध्ये याच समजुतीने गिअर बॉक्स उतरवून सील बदललेले आम्ही पाहिले आहे. मालकाचा खर्च झाला, गाडी दोन दिवस अडकली, आणि थेंब पडतच राहिला. दोष वर कव्हरमध्ये होता. म्हणून नियम लक्षात ठेवावा : थेंब पडतो ती जागा पाहू नये, ओल दिसते त्यातील सर्वांत उंच जागा शोधावी.

त्यासाठी थंड इंजिन प्रथम स्वच्छ धुवावे. धुताना अल्टरनेटर, कॉइल व डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिक बांधावे. इंजिन पूर्ण वाळल्यावर कव्हरच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे. जेथून ऑइल झिरपते तेथे पावडरवर काळसर रेघ उमटते. मारुती ८०० सारख्या कॅमशाफ्ट वर असलेल्या इंजिनात हेडच्या टोकाचे रबर व सीलही पाहावेत. ज्या इंजिनात प्लग कव्हरमधून खोल विहिरीत बसतात तेथे प्लग काढून पाहावा. विहिरीत ऑइल भरले असेल तर गाडी मिसिंग करते, आणि तो दोष पुष्कळदा प्लग-वायरच्या माथी मारला जातो.

यानंतर ब्रीदर तपासावा. पाईप काढून त्यातून फुंकर मारून पाहावी. मोकळ्या पाईपमधूनही इंजिन चालू असताना जोराने धूर फेकला जात असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. तेव्हा ग्राहकाला स्पष्ट सांगावे की पॅकिंगने हा रोग जाणार नाही.

खोलताना

इंजिन थंड असतानाच कव्हर खोलावे. बोल्ट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. कव्हर चिकटून बसले असेल तर रबरी हातोडीने बाजूने ठोकावे. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. अॅल्युमिनियमवर पडलेली चीर पुढे कायमची गळती होते.

हेडमधील ऑइल परत जाण्याच्या भोकांत स्वच्छ फडकी घालावीत आणि ती मोजून ठेवावीत. जुने पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. ग्राइंडरवरची घासण्याची चकती येथे मुळीच वापरू नये. तिची बारीक भुकटी ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचते आणि पॅकिंगच्या कामातून इंजिनच उतरवण्याची पाळी येते.

कव्हरची दुरुस्ती

कव्हर जाड सपाट काचेवर उलटे न ठेवता तोंड खाली करून ठेवावे आणि कडेने फीलर गेज फिरवावे. जेथे पाते आत सरकते तेथे कव्हर वाकले आहे. पत्र्याचे कव्हर असेल तर भोकाजवळील दबलेला भाग सपाट लाकडावर किंवा ऐरणीवर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ होतो. अॅल्युमिनियमचे कव्हर किंचित वाकले असेल तर काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून त्यावर गोल-गोल घासावे. कव्हरला रबरासाठी खाच असेल तर फार घासू नये. खाचेची खोली कमी होते. प्लास्टिकचे कव्हर वाकले किंवा तडकले तर ते बदलणेच योग्य. नव्या पुष्कळ गाड्यांत ब्रीदरचा पडदाही त्याच कव्हरमध्ये असतो.

तडा शोधण्यासाठी जुनी युक्ती उपयोगी पडते. कव्हर स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावे, पुसावे आणि वर खडू घासावा. तड्यात राहिलेले रॉकेल खडूवर रेघ काढते. तड्याच्या दोन्ही टोकांना २ ते ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तडा इंग्रजी व्हीच्या आकारात कोरून, तेलाचा अंश पूर्ण काढून आर्गन वेल्डिंग करावे. वेल्डिंग करताना कव्हर जाड प्लेटवर बोल्टने आवळावे, नाहीतर उष्णतेने वाकते. नंतर काचेवर पुन्हा तपासावे. काही गाड्यांची कव्हरे मॅग्नेशियमची असतात. त्यांचा भुसा पेट घेतो, म्हणून धातू ओळखल्याशिवाय ग्राइंडर लावू नये. एपॉक्सीचा लेप हा वाटेतला तात्पुरता इलाज आहे, त्याचे दुरुस्ती म्हणून पैसे घेऊ नयेत.

मुंबईत कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून कव्हर घ्यायचे असेल तर दुकानातच सपाट काचेवर ठेवून पाहावे.

बसवताना

रबरी पॅकिंग कोरडेच बसवावे. सिलिकॉन फक्त जेथे दोन भागांचा सांधा येतो त्या कोपऱ्यांत थेंबभर लावावे. जास्तीचे सिलिकॉन आत गळून ऑइलच्या जाळीत अडकते आणि पंपाला ऑइल मिळत नाही. बोल्टखालचे रबरी वॉशरही नवे घालावेत. आटे गेले असतील तर हेलिकॉइल बसवावी. बोल्ट मध्यापासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा ८ ते १० न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो, म्हणजे सुमारे १ किलोग्रॅम-मीटर. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्यावा. लांब पान्याने अंदाजे आवळणारा हातच पुढची गळती तयार करतो. टॉर्क पाना महाग वाटतो, पण परत आलेली चार फुकट कामे त्याहून महाग पडतात.

काम झाल्यावर इंजिन गरम करून पाहावे, ऑइलची पातळी भरावी आणि दोन-तीन दिवसांनी गाडी पुन्हा दाखवायला सांगावे. गळती असलेली गाडी तशीच चालू देऊ नये. गरम एक्झॉस्टवर ऑइल पडत राहिले तर वास आणि धुरावर थांबेलच असे नाही, आगही लागू शकते.

ग्राहकाची गाडी ही अमानत आहे

ग्राहकाला इंजिनमधले काही कळत नाही. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. ही हदीस गॅरेजलाही लागू आहे. दोष आढळला तो ग्राहकाला डोळ्यांनी दाखवावा. बदललेले जुने पॅकिंग त्याच्या हाती द्यावे. सामान आणि मजुरी बिलात वेगवेगळी लिहावी. लहान दोषाला मोठा सांगून घेतलेले पैसे हलाल कमाईत मोडत नाहीत, आणि त्यात बरकतही नसते.

आमच्या कारागीर बंधूंनी पावडरची डबी, काचेचा तुकडा, फीलर गेज आणि टॉर्क पाना एवढी साधने जवळ ठेवावीत आणि शिकाऊ मुलांनाही ती वापरायला शिकवावीत. पाना उचलण्याआधी पंधरा मिनिटे निदानाला दिली तर ग्राहकाचा पैसा वाचतो आणि गॅरेजचे नाव राहते.