सुवर्णपदकानंतर दहावीचा वर्ग

दि. ३ ऑगस्ट २०१२. लंडन ऑलिम्पिकमधील महिलांच्या ८०० मीटर फ्रीस्टाइल जलतरणाची अंतिम फेरी. विश्वविक्रम ब्रिटनच्या रिबेका ॲडलिंग्टन हिच्या नावावर, बीजिंगचे सुवर्णपदकही तिचेच आणि प्रेक्षकही तिच्याच देशाचे. परंतु शर्यत संपली तेव्हा सर्वांच्या पुढे चार सेकंदांहून अधिक अंतर राखून होती अमेरिकी चमूतील सर्वांत लहान खेळाडू, पंधरा वर्षांची केटी लेडेकी. वेळ होती ८ मिनिटे १४.६३ सेकंद.

याच्या पुढची गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. सुट्टी संपताच ही सुवर्णविजेती मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथील आपल्या शाळेत परतली आणि दहावीच्या वर्गात जाऊन बसली.

केटीचा जन्म १९९७ चा. वडील वकील. आई महाविद्यालयीन काळात स्वतः जलतरणपटू होती. मोठ्या भावाच्या पाठोपाठ केटी सहाव्या वर्षी पोहू लागली. पुढे सराव वाढला, तशी दिवसाची आखणीही काटेकोर झाली. पहाटे अंधार असतानाच तलाव, मग शाळा, दुपारनंतर पुन्हा तलाव आणि रात्री गृहपाठ. देशासाठी पोहणारी ही मुलगी शाळेच्या संघातूनही तितक्याच निष्ठेने पोहत असे.

एवढ्या धावपळीत समाजकार्याला सवड कुठून मिळणार, असे कुणालाही वाटेल. परंतु शालेय वयातच ती बेघरांना जेवण देणाऱ्या संस्थेच्या कामात सहभागी होती. वापरात नसलेल्या सायकली गोळा करून गरजू देशांत पाठविणाऱ्या उपक्रमालाही तिने हातभार लावला. जखमी सैनिकांसाठीच्या कार्यातही तिचा सहभाग होता.

व्यापारी कुटुंबांना अधिक विचार करायला लावणारा भाग पैशाचा आहे. ऑलिम्पिक सुवर्ण मिळताच जाहिराती आणि प्रायोजक यांची दारे खुली होतात. मात्र त्या काळच्या अमेरिकी नियमांनुसार जाहिरातींचा पैसा स्वीकारणाऱ्या खेळाडूला महाविद्यालयाच्या संघातून खेळता येत नसे. म्हणजे एका पारड्यात समोर दिसणारी कमाई आणि दुसऱ्या पारड्यात सहाध्यायांसोबत पोहण्याची, विद्यार्थिनी म्हणून जगण्याची काही वर्षे. खेळाडूची उमेद किती काळ टिकेल, दुखापत केव्हा गाठेल, याची हमी कोण देणार? हा नफा सोडण्यात जोखीम होती. केटीने ती पत्करली आणि कमाई बाजूला ठेवली.

मात्र तिने दर वेळी अभ्यासच पुढे ठेवला असेही नाही. २०१५ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेशही निश्चित होता, पण रिओ ऑलिम्पिकच्या तयारीसाठी तिने तो एक वर्ष पुढे ढकलला. २०१६ मध्ये रिओत चार सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवून ती विद्यापीठात दाखल झाली. दोन वर्षे ती विद्यापीठाच्या संघातून पोहली आणि २०१७ व २०१८ अशी दोन्ही वर्षे त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. २०१८ मध्ये ती व्यावसायिक खेळाडू झाली, तरी अभ्यास थांबला नाही. टोकियोला जाण्यापूर्वी तिने मानसशास्त्राची पदवी पूर्ण केली.

समतोल म्हणजे प्रत्येक गोष्टीला रोज सारखेच माप देणे नव्हे. ज्या वर्षी ज्या गोष्टीची निकड अधिक, तिला त्या वर्षी अधिक वेळ द्यावा. पण बाकीची खाती बंद करू नयेत, एवढेच तिच्या वाटचालीतून दिसते. २०२४ मध्ये पॅरिस येथे तिने ८०० मीटरचे सुवर्ण सलग चौथ्या ऑलिम्पिकमध्ये जिंकले आणि तिच्या ऑलिम्पिक सुवर्णपदकांची संख्या नऊ झाली. जे उत्पन्न गमावले असे पंधराव्या वर्षी वाटले असते, ते केवळ लांबणीवर पडले होते.

आपल्या घरांत मात्र मूल नववीतून दहावीत गेले की बॅट माळ्यावर जाते आणि पोहण्याचा पास रद्द होतो. दुकानात मदत, समाजाच्या कार्यक्रमात स्वयंसेवा, तेही ‘यंदा नको’ म्हणून थांबते. अमेरिकेतील दहावीला आपल्यासारखी बोर्डाची परीक्षा नसते, हे खरे. परंतु आपले राज्य मंडळही पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण देते. म्हणजे खेळ आणि अभ्यास यांचे वैर व्यवस्थेनेही मानलेले नाही.

प्रत्येक मूल ऑलिम्पिकला जाणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. पण पहाटे वेळेवर उठणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जाणे आणि आठवड्यातील काही तास दुसऱ्यासाठी देणे, या सवयी पुढे गादीवर बसणाऱ्यालाही लागतात. म्हणून यंदा ज्यांच्या घरी दहावीचे वर्ष आहे, त्यांनी खेळ बंद करण्यापूर्वी मुलासोबत बसून एकदा दिवसाचा हिशेब कागदावर मांडावा. खेळासाठीचा एक तास त्यातून बहुधा निघेल.