तळाचं पाणी

भिवंडीच्या मागांवर पॉलिएस्टर भरपूर विणलं जातं, पण मुंबई विमानतळाच्या इंधन डेपोत ते अंगावर घालून काम करता येत नाही. घर्षणाने स्थिर वीज साठते, ठिणगीची भीती. म्हणून कामगार सुती कपड्यांत, आणि आपला मोबाइल दारावरच जमा.

सकाळी टाकीच्या तळाचा नळ सोडून थोडं इंधन वाहू देतात, मग काचेच्या बरणीत सॅम्पल घेतात. बरणी गरकन फिरवली की भोवरा होतो आणि कचरा किंवा पाण्याचा थेंब असलाच तर बुडाशी मधोमध जमतो. तपासणारे काका ती उजेडासमोर धरून पाहत राहतात. ताक्यातली गाठ शोधणारी नजर मी भिवंडीत लहानपणापासून पाहिली आहे, ही तीच. फक्त दोषाचा ताका कमी भावाने खपतो. विमानाच्या टाकीसाठी असा दुसरा भाव नाही.

विमानाचं हे इंधन, जेट ए-१, म्हणजे मुळात काटेकोर शुद्ध केलेलं रॉकेलच. ते उणे ४७ अंशांच्या वर गोठता कामा नये, ३८ अंशांच्या खाली त्याची वाफ पेट घेता कामा नये. घनता हायड्रोमीटरने मोजून १५ अंशांच्या हिशेबात आणतात. मालासोबतच्या कागदावरल्या आकड्याशी घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक निघाला, तर दुसरं काही मिसळलं असावं असं धरून माल थांबवतात.

मग पाणी. सिरिंजने ५ मिलिलिटर इंधन पिवळ्या कॅप्सूलमधून ओढतात. आतला कागद हिरवट झाला की पाणी आहे. ‘‘अहो, थेंब दिसला तर सोपं असतं,’’ काका म्हणाले. ‘‘बारीक कणांत विखुरलेलं डोळ्यांना कुठे दिसतं?’’

न दिसणारं पाणी काय करू शकतं, ते एकदा दिसलंही. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. इंधन सगळ्या निकषांत बसणारं होतं. त्यात असतंच तेवढं पाणी लांबच्या थंड प्रवासात बर्फ होऊन नळ्यांत साचलं आणि उतरताना सुटून, गरम ऑइलने इंधन तापवणाऱ्या भागाच्या तोंडाशी अडकलं. सगळे वाचले. त्या भागाची रचना पुढे बदलण्यात आली.

म्हणूनच एकदा तपासून कुणाचं समाधान होत नाही, आणि मला ते अगदी रास्त वाटतं. टाकीतून इंधन वरच्या थरातून उचलतात, फिल्टरमधून गाळतात, रिफ्युएलरमध्ये, म्हणजे विमानात इंधन भरणाऱ्या टँकरमध्ये, पुन्हा सॅम्पल घेतात. पावसाची मोठी सर येऊन गेली, तर सकाळी तपासलेल्या रिफ्युएलरचाही तळ पुन्हा उघडतात.