ट्रेडमिल अडते तेव्हा

पावसाळ्यात चिखलातून चालणे होत नाही, म्हणून मधुमेहासाठी आम्ही घरीच ट्रेडमिलवर चालतो. गेल्या जुलैत ते अडले. पट्टा रिकामा फिरे, वर पाय ठेवताच थांबे. पडता पडता वाचलो. मेकॅनिक म्हणाला, मोटार जळाली. पण जळालेली मोटार रिकामा पट्टा तरी कशी फिरवील? ओझे आले की पट्टा घसरतो, हे मळणी यंत्र चालवणाऱ्यास सांगायला नको.

प्लग काढून पट्ट्याखाली हात घातला, तर फळी कोरडी ठणठणीत. पट्टाही मधोमध चार इंच उचलला जाई. मागच्या रुळाचे दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा आवळले. एकच आवळला तर पट्टा कडेला सरतो. दोन-तीन इंच उचलला जाईल एवढाच ताण पुरे, जास्त ताणाने बेअरिंगे जातात. मग फळीवर सिलिकोन तेल सोडले. खोबरेल वा ग्रीस नको, पट्टा खराब होतो. यंत्र चालू लागले.

पट्टा मुळीच हलत नसेल, तर वाचकहो, आधी सुरक्षा-किल्ली जागेवर आहे का पाहा. रविवारी मिस्सानंतर एका शेजाऱ्यांनी ही तक्रार सांगितली. किल्ली नातवाच्या खेळण्यांत सापडली! मोटारीवरचे झाकण मात्र जाणकारानेच उघडावे. प्लग काढल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते.