वेदनाशामके, वृक्क आणि पुनर्नवा : रक्षणाचा खरा अर्थ

बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, केज या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात. पहाटेपासून वाकून तोडणी, डोक्यावर मोळी, फडात पिण्याच्या पाण्याची टंचाई आणि खाडा पडल्यास दंड, अशा स्थितीत अंगदुखीवर वेदनाशामक गोळी हाच सोपा उपाय ठरतो. औषधजन्य वृक्कविकाराचा विचार आपण या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

घात कसा होतो?

शरीरातील जलांश घटला असता वृक्काचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांच्या आधारे टिकून राहतो. डायक्लोफिनॅकसारखी औषधे नेमका हाच आधार काढून घेतात. म्हणजेच तीच गोळी घरी विश्रांती घेणाऱ्यापेक्षा उन्हात घाम गाळणाऱ्या मजुरास अधिक घातक ठरते. जेंटामायसिनचा मार्ग निराळा आहे. ते वृक्कनलिकांच्या पेशींत साठते व साधारणतः पाच ते सात दिवसांनंतर क्रिएटिनिन वाढू लागते. मूत्राचे प्रमाण पुष्कळदा कमी होत नाही, म्हणून विकार ध्यानात येत नाही. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृत मांस खाऊन गिधाडे वृक्कनाशाने मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले व २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

ग्रंथ आणि प्रयोगशाळा

सुश्रुताचार्यांनी वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या प्रसादापासून सांगितली आहे. चरकसंहितेत गोक्षुर मूत्रविरेचनीय गणात, तर पुनर्नवा वयःस्थापन गणात येते. आपल्या बांधावरची घेटुळी व पायात रुतणारे सराटे ती हीच द्रव्ये. पुनर्नवा, गोक्षुर, वरुण, गुडूची यांचे अर्क जेंटामायसिन किंवा सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांमध्ये तपासले गेले आहेत. अर्क दिलेल्या गटात युरिया व क्रिएटिनिनची वाढ कमी आढळते, असे अनेक प्रयोग सांगतात.

तथापि दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, या प्रयोगांत अर्क बहुधा विषारी औषधाच्या आधी वा बरोबर दिलेला असतो. हे रक्षण होय, झालेल्या क्षतीची चिकित्सा नव्हे. दुसरी, उंदरास जेंटामायसिन प्रतिकिलो ८० ते १०० मिलिग्रॅम देतात, तर मनुष्यास प्रतिदिन ३ ते ५ मिलिग्रॅम. हे निष्कर्ष जसेच्या तसे रुग्णास लावता येत नाहीत, आणि मानवी अभ्यास अद्याप तोकडे आहेत.

दक्षता

पुनर्नवेच्या नावाखाली विषखापरा बाजारात येतो, म्हणून द्रव्यपरीक्षा अनिवार्य आहे. पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार मुबलक असल्याने वृक्कक्षय झालेल्या रुग्णास ती सरसकट देऊ नये. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडावा. बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या औषधात ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती मिसळली गेली व अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाले. ही घटना १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडील ईश्वरी याच कुळातील आहे. सांधेदुखीवरील बेनामी पुड्यांत वेदनाशामके किंवा स्टेरॉइड मिसळलेली आढळतात, त्यामुळे दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो.

आपले कर्तव्य

निदानपरिवर्जन हेच चिकित्सेचे पहिले सूत्र. ऊसतोड मजूर, वृद्ध, मधुमेही व रक्तदाबाचे रुग्ण यांना कोणत्या गोळ्या, किती दिवस घेतल्या, हे आवर्जून विचारावे. पायावर शोथ, अरुची, मूत्रात फेस आढळल्यास क्रिएटिनिन व मूत्रपरीक्षा करून घ्यावी आणि ते वाढलेले असल्यास रुग्णास विनाविलंब अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनी डायक्लोफिनॅक हे अनुसूची एचमधील औषध असल्याचे स्मरण ठेवून चिठ्ठीविना ते देऊ नये. हंगामापूर्वी मजूर गावात असतानाच पाणी, विश्रांती व गोळ्यांविषयी चार शब्द सांगितले, तर पुष्कळ वृक्क वाचतील. पुनर्नवेचे कार्य त्यानंतर सुरू होते.