मोत्याचा ताप आणि भिंतीतली गोचीड

सख्यांनो, बैठकीत आपण शेळीच्या, गाईच्या आजारावर बोलतो. पण रात्रभर दाराशी राखण करणाऱ्या कुत्र्याचा विषय काही निघत नाही. दोन दिवस तो जेवला नाही, तर "ऊन लागलं असंल" म्हणून आपण सोडून देतो. कित्येकदा तो गोचिडीचा ताप असतो, बरं का!

गोचीड नुसतं रक्त पीत नाही. पिता पिता रोगाचे जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते. मग ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटावर लाल ठिपके दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. अशी लक्षणं दिसली की लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. गोळ्या बहुधा तीन-चार आठवडे चालतात. चार दिवसांत शेपटी हलवायला लागला म्हणून मधेच बंद करू नका.

आता मुख्य गोष्ट. गोचीड कुत्र्याच्या अंगावर थोडे दिवस असते. बाकी मुक्काम आपल्या भिंतीत! रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही. घराच्या, गोठ्याच्या फटी लिंपून घ्या. त्याचं बसायचं पोतं उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा.

एक चूक मात्र करू नका. कपाशीवर फवारायचं औषध जनावराच्या अंगाला लावू नका. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली. ते विष कुत्रं चाटतं आणि त्याच अंगाला आपली लेकरं हात लावतात. औषध डॉक्टरांना विचारूनच, ते सांगतील तेवढंच वापरा.

गोचीड नखानं चिरडू नका. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, उकळत्या पाण्यात टाका, हात साबणानं धुवा. कुत्र्याच्या गोचिडीमुळं माणसालाही ताप येतो, अंगावर पुरळ उठतं. घरात कोणाला असं झालं, तर "आमच्या कुत्र्याला गोचिडी आहेत" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आज संध्याकाळी भाकर टाकताना मोत्याचे कान, मान आणि बोटांमधल्या बेचक्या एकदा तपासा. अन् मग भिंतीच्या फटीही बघा!