चावी अठरानंतर, रस्ता मात्र आजपासून

दहावीची परीक्षा संपली की आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक मागणी हमखास येते. "मॅडम, लायसनचं नंतर बघू. सुट्टी आहे तोवर पोराचा हात तेवढा बसवून द्या." मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो, उंचीने बापाच्या बरोबरीला आलेला. विचारणारा बापही बेफिकीर नसतो. पुढे अडचण नको, नीट माणसाकडून शिकावं, म्हणूनच तो माझ्याकडे आलेला असतो. मी सांगलीत चारचाकी शिकवते आणि या मागणीला माझं उत्तर ठाम नकाराचं असतं. पण नुसतं 'नाही' म्हटलं, तर हाच बाप दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मुलाला घेऊन शंभर फुटी रोडवर जातो. म्हणून मी दोघांनाही खुर्ची देते आणि सगळं सविस्तर सांगते.

सुरुवात वयापासून. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 4 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायला अठरा वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या लायसनबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. ते लायसन विनागिअर आणि 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी असतं, तेही पालकांच्या लेखी संमतीने. ही सवलत लुनाच्या जमान्यातली. आज घराघरांत उभ्या असलेल्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या आहेत. सोळाचं लायसन खिशात ठेवून अशी स्कूटर चालवणारी मुलगी कायद्याच्या नजरेत विनालायसनच असते. 250 वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या बॅटरीच्या गाडीला लायसन लागत नाही. पण ज्या इलेक्ट्रिक स्कूटरला नंबर प्लेट आहे, तिला लायसन लागतंच.

"पण मी शेजारी बसणार आहे ना?" हा पुढचा प्रश्न. मोठ्या माणसाने शेजारी बसून शिकवण्याची सोय कायद्यात आहे, पण ती लर्निंग लायसन असलेल्यासाठी. शेजारच्याकडे पक्कं लायसन हवं, गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा, आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. चारचाकीचं लर्निंग अठराच्या आत निघतच नाही. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाशेजारी बसलेला बाप हा कायद्यासाठी शिक्षक नाही. अपात्र व्यक्तीच्या हाती वाहन देणारा, एवढीच त्याची नोंद होते. त्याबद्दल कलम 180 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

2019 च्या दुरुस्तीने यात कलम 199अ आलं आणि सगळा भार पालकांवर आला. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही, लर्निंगसुद्धा नाही. पालकाची संमती होती असं न्यायालय आधीच गृहीत धरतं. 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी पुरेशी काळजी घेतली होती' हे सिद्ध करायचं ओझं पालकावर असतं. शेजारच्या सीटवर बसून शिकवणाऱ्याला यातलं काय सिद्ध करता येणार? पंचविशीचा मुद्दा मी मुलांना मुद्दाम सांगते. बापाचा दंड त्यांना लांबचा वाटतो. पण कॉलेज संपून नोकरी लागली तरी गाडी चालवता येणार नाही, हे ऐकल्यावर ती सावरून बसतात.

19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीसह त्याला जामीन मिळाला आणि देशभर संताप उसळला. मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. तेव्हापासून पालक मला म्हणतात, "ते बड्या लोकांचं प्रकरण हो." पण अपघात गाडीची किंमत विचारून होत नाही. आपल्या जुन्या स्कूटरला लागणारं कलम तेच असतं.

कैदेपेक्षाही घरं उद्ध्वस्त होतात ती नुकसानभरपाईने, आणि याची कल्पना फार थोड्यांना असते. "विमा आहे की" म्हणून लोक निर्धास्त असतात. लायसन नसलेल्याच्या हातून आपल्याच गाडीची मोडतोड झाली, तर विमा कंपनी दावा नाकारते. समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. 2004 च्या स्वर्णसिंग खटल्यातल्या निकालाने ही वाट पक्की झाली. भरपाई ठरते ती गेलेल्या माणसाचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली तोंडं पाहून. कमावता तरुण गेला, तर रक्कम लाखांच्या घरात जाते आणि ती फेडायला शेतजमीन किंवा राहता फ्लॅट पणाला लागतो. मुलाने न विचारता चावी उचलली, ही सबबही सहसा टिकत नाही. 2011 मध्ये अशाच एका मोटारसायकलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं हे म्हणणं मान्य केलं नाही. गाडीचा गैरवापर होणार नाही हे पाहणं मालकाचंच काम, असं न्यायालयाने म्हटलं.

आमच्या भागात ट्रॅक्टरचा विषय निघतोच. "आमचं पोरगं आठवीपासून ट्रॅक्टर चालवतंय." लायसनची सक्ती सार्वजनिक ठिकाणापुरती आहे, म्हणजे जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे तिथे. स्वतःच्या बांधाच्या आत ती लागू होत नाही. पण बांधावरून गाडीवाटेने गावाच्या रस्त्याला लागलात की लागू होते. सोसायटीचं पार्किंग खासगीच, असंही धरून चालू नका. आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 शेतातही लागू होतं.

कायदा बाजूला ठेवला, तरी शेजारच्या सीटवरून जे दिसतं ते सांगायलाच हवं. आमच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या चारचाकीला ही दुहेरी यंत्रणा सक्तीची आहे. नवा माणूस घाबरला की पाय आखडतो आणि जे पेडल पायाखाली असेल तेच दाबून धरतो, बहुतेकदा ॲक्सिलरेटर. तेवढ्यात माझा पाय ब्रेकवर गेलेला असतो. घरच्या गाडीत बापाच्या हाताशी फक्त हॅन्डब्रेक. तो मागच्या चाकांनाच धरतो, त्यामुळे गाडी लगेच उभी राहत नाही. ताशी चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. बापाचा हात लिव्हरवर पोहोचेपर्यंत समोरचा सायकलवाला बॉनेटवर आलेला असतो.

मग अठरापर्यंत काहीच शिकवायचं नाही का? खूप शिकवायचं. नवखा चालक बॉनेटच्या टोकाकडे बघत गाडी हाकतो. त्याची नजर लांब न्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि नजरेला लायसन लागत नाही. मुलाला शेजारी बसवा आणि पुढे काय होईल ते त्याला बोलायला लावा. थांबलेल्या एसटीच्या पुढून माणूस येईल का? त्या रिक्षाचं पुढचं चाक कुठे वळलंय? ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, हे दाखवा. गळिताच्या हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली किती उशिरा दिसते, ते त्याला स्वतः अनुभवू द्या. टायरची हवा बघणं, ऑइलची पट्टी पुसून पाहणं, स्टेपनी बदलणं, हे सगळं गाडी उभी असताना शिकता येतं. रस्त्यावर सायकल मन लावून चालवलेली मुलं माझ्याकडे आली, की आरसा आणि हात दाखवणं त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. अठरा पूर्ण झाले की लर्निंग काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. ते सहा महिने पुरेपूर वापरा. पावसात, रात्री, बाजाराच्या दिवशी, शेजारी बसून चालवायला द्या.

पालकांची खरी अडचण मला माहीत आहे. विश्रामबागेत सकाळी सहाला क्लास, गाव बारा किलोमीटरवर, आणि त्या वेळेची एसटी नाही. शेताची कामं असताना रोज सोडायला जाणार कोण? हा प्रश्न एकट्या घराने सोडवायचा म्हटलं की उत्तर स्कूटरच्या चावीवर येऊन थांबतं. चार घरांनी मिळून एक गाडी लावली, तर खर्च वाटला जातो. पालकांनी एकत्र जाऊन क्लासची वेळ बदलून मागावी, आगाराकडे फेरीसाठी सह्यांचं निवेदन द्यावं. क्लासच्या दारात विनालायसन मुलांच्या स्कूटरची रांग रोज दिसत असताना फक्त फीचे हप्ते मोजणाऱ्यांनाही जबाबदारी घ्यायला लावली पाहिजे. सुट्टी संपून जूनमध्ये वर्ग भरायच्या आत तुमच्या गावातल्या तीन-चार पालकांना फोन करा. दोन वर्षं मुलांना नेण्या-आणण्याची सोय लावणं कष्टाचं आहे, पण ते आपल्याला जमण्यासारखं आहे.